बदामाला बांधलेला झोका

रिचेल बाय,

बोळिंजच्या फ्लॅटवर सामान न्यायला टेम्पो येईल तेव्हा मी घरात नसेन. बंदरावर जाळी शिवत बसेन. फेलिशाला मला बोलवायला पाठवू नकोस. नात समोर आली की माझं काही खरं नाही.

राउटर आल्तारावर मरियामातेच्या मूर्तीमागे आहे. तुला घरून काम करता यावं म्हणून तिथे ठेवला होता, रेंज तिथेच येते. घेऊन जा, मला एकट्याला काय करायचाय? तिकडे तो जमिनीवर ठेवू नका, आणि कॉम्प्युटर खिडकीच्या उन्हात नको.

पोरीच्या खोलीतला फुलांचा कागद परत सुटलाय. भिंत पूर्ण सुकवून मगच चिकटवा, असं व्हिडिओत सांगितलं होतं. दर्याकाठची भिंत सुकते कधी? पण ओलीच्या वासाला तू कंटाळली होतीस, म्हणून मी घाई केली. नव्या घराच्या भिंती कोरड्या असतील.

झोका मात्र नक्की न्या. दुकानदार म्हणाला होता, हुक लावा, काढायला सोपं पडेल. काढायचाय कोणाला, म्हणून मी त्याच्यावरच डाफरलो आणि होडीची गाठ मारली. वजन पडलं की ही गाठ आणखी आवळते, आणि फेलिशा तर वर्षभर त्यावर झुललीय. सकाळपासून सोडवतोय, नखं तुटली, पण सुटत नाही.

डेरिकला सांग, बापाने कोयता झाडाखाली ठेवलाय. माझ्या हाताने तो दोर कापवत नाही.

पप्पा