माझ्याशिवाय चालणारं शिलाईचं दुकान

३ जून, सकाळी ७
आजपासून दुकानात पाऊल टाकणार नाही. मालकाशिवाय चालेल तोच खरा धंदा, बाकी सगळी नोकरी. हे मला काल दाढी करताना सुचलं. मास्टरला लगेच सांगितलं. तो तोंड फिरवून उभा राहिला, खांदे हलत होते. रडला असावा, बिचारा.
मापं आता ही घेणार. तीस वर्षं सांभाळलेली टेप समारंभाने तिच्या गळ्यात घातली. लग्नानंतर पहिल्यांदाच गळ्यात काहीतरी घातलंत, म्हणाली. आनंद झाला असणार.

सकाळी ११
सहज फोन केला. सगळं ठीक आहे म्हणे. काहीतरी लपवताहेत.

५ जून
कमालीचा संयम. दिवसभरात फक्त नऊ फोन. दहावा कुणी उचलला नाही. म्हणजे आत गोंधळ.

८ जून
दुकानात गेलो नाही. समोरच्या बाकावर बसलो, ते वेगळं. पेपराआडून बघतो तर काय, ही जेवढं माप येतं तेवढंच लिहिते! मी प्रत्येक मापात अर्धा इंच अनुभवाचा घालतो. माणूस पुढे सुटतोच. हे तिला सांगायचं राहून गेलं. मुद्दाम नाही. असो, आठ दिवसांत बोंब उठेल, मग येतील हात जोडत.

१२ जून
कुणी आलं नाही. फोन बिघडलाय का, दोनदा पाहिलं.

१७ जून
शेवटी गेलो. सिस्टिम तपासायला. अल्टरेशनचा दांडा चक्क रिकामा! माझ्या वेळी तिथे हँगरला जागा नसे. गिऱ्हाईक शिवलेला कपडा घेऊन तीन-तीनदा यायचं, एवढा लोभ.
गिऱ्हाईक तुटलं का, असं मास्टरला विचारलं. तो म्हणाला, कपडे पहिल्याच फेरीत अंगाला बसताहेत. तुमचा अर्धा इंच आत घेण्यात माझी निम्मी हयात गेली, असंही म्हणाला. कृतघ्न!

१९ जून
खरं सांगायचं तर घरी करमत नाही. खूप एकटं वाटतं. रात्री जेवताना हिला म्हटलं, दुकानात मला काहीतरी काम दे. काहीही. म्हणजे देखरेखीचं.
हिने बराच विचार केला. मग म्हणाली, दर मंगळवारी येत जा, दिवसभर बसा, हवं ते करा.
मंगळवारी दुकान बंद असतं.
हो म्हणालो.