लाल शाईतली दुरुस्ती

१८ जून
दावा फेटाळा, असा दादाचा अर्ज आलाय! साक्ष नाही, पुरावा नाही — सुरू व्हायच्या आधीच बाहेर. जळगावहून अभिमन वकिलांचा फोन. "ताई, आपण वाटणी मागितली, पण हक्कसोडपत्र रद्द करा असं मागितलंच नाही. त्यांनी नेमकं तेच धरलं."
आपण? मी काय कायदा शिकलेय? ओठांवर आलं होतं. गिळलं.
बाबांचं तेरावं झालं आणि दोन दिवसांनी यावलला त्या हक्कसोडपत्रावर माझी सही. योगराजदादा म्हणाला होता, "वारस लावायचा कागद आहे, मोना." आई शेजारीच. तिनंही अंगठा दिला. फैजपूरचं केळीचं शेत गेलं, हे मला वर्षभरानं कळलं.

२१ जून
पहिल्या बसनं जळगाव. वकील म्हणाले, दावा दुरुस्त करू.
"पण दादाचा अर्ज आधी चालला तर?"
"म्हणून आजच टाकू. दुरुस्ती मंजूर झाली की कोर्ट दुरुस्त दावाच बघणार, जुना नाही."
"आणि नामंजूर झाली तर?"
त्यांनी चहा मागवला.
मजकूर वाचून दाखवला — 'योगराजने मोनाली व आई, दोघींना फसवून हक्क सोडवून घेतले.' आईचं मी कसं सांगू? ती दादाकडे राहते. दाव्यात तीही प्रतिवादी. विचारलंच नाही तिला! "अंगठा दिला ना त्यांनीही? मग!" — वकील. सही केली.

२५ जून
नीलेश म्हणतो, "सोडून दे." नवरा आहे, काळजीनं म्हणतो. पण सोडलंच होतं की एकदा — सही करून!

९ जुलै
तारीख. दादा समोरच्या बाकावर, मान खाली. त्याचे वकील तावातावानं, "आमचा अर्ज आधीचा, तोच आधी चालवा! चूक झाकायला ही दुरुस्ती आणलीय." जज मॅडमनी दोन्ही अर्ज ऐकले. आदेश पुढच्या तारखेला. परत घरी, देवपूरला, पोचायला रात्र झाली.

२३ जुलै
दुरुस्ती मंजूर! दादाचा अर्ज जुन्या दाव्यावरचा होता, तो निकाली. दुरुस्त दाव्यावर हरकत असेल तर नव्यानं अर्ज करा, जज मॅडम म्हणाल्या. म्हणजे जिंकले नाही. नुसतं दारातून आत घेतलं.
मूळ दाव्यात लाल शाईनं ओळी चढवल्या. 'दोघींना फसवून' — लाल अक्षरांत दोनदा वाचलं. याची प्रत आईलाही जाणार.

३० जुलै
आईचा फोन नाही. मीही केला नाही.

२ ऑगस्ट
आईचा फोन. शेजारच्या ज्योतीकडून दावा वाचून घेतला म्हणे.
"मले कोनी फसवलं नाही, मोना. मले माहीत होतं तो कागद कशाचा. तुलेच माहीत नव्हतं."
"मला माहीत नव्हतं, हे कोर्टात सांगशील?"
तिकडे दार लोटल्याचा आवाज. मग — "सांगीन."
फोन तिनं ठेवला नाही. मीही नाही.