चारशे नव्वदांतली एक

प्रिय मामा,

एवढा मायना लिहायलाच फार वेळ गेला. शाळेत पत्रलेखनाच्या प्रश्नात मायन्याला एक गुण असे आणि तो माझा कधी चुकला नाही. या वेळी मात्र आधी 'प्रिय' खोडलं, मग 'मामा'ही खोडलं, आणि आता नव्या कागदावर दोन्ही पुन्हा लिहिले आहेत.  

रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर तू उभा राहिलास, तेव्हा वाटलं, काही सूचना द्यायची असेल. बाबा गेल्यापासून तू शेवटच्या बाकावर बसायचास आणि आशीर्वादाआधीच निघून जायचास. तुझा शब्दन् शब्द मला पाठ आहे, पण अर्थ डोक्यात शिरेना. बाबा दुरुस्तीसाठी लिफ्टच्या खड्ड्यात उतरले होते. 'काम चालू आहे' ही पाटी त्यांनी स्वतः मेन स्विचला अडकवली होती. ती तू काढलीस. काम आटोपलं असेल असं धरून चाललास, खाली एक हाकही न मारता स्विच ओढलास, लिफ्ट त्यांच्यावर आली, आणि चौकशीत सांगितलंस, की पाटी नव्हतीच. ज्यांनी तुला पाना धरायला शिकवलं, त्यांच्याबद्दल सांगितलंस. तेव्हापासून लोक म्हणत आले, माणूस गुणी, पण निष्काळजी. घराबाहेर पडताना गॅसची कळ दोनदा तपासणारा माझा बाप निष्काळजी, आणि आम्ही मायलेकी ते मुकाट ऐकत आलो.

माझ्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं, ते उचलायचंही सुचलं नाही. आई उठली. ती तुझ्या थोबाडीत देईल असं मला वाटलं; खरं तर तिने द्यावी असं वाटलं. ती तुझ्यासमोर जाऊन उभी राहिली, तुझ्या खोल गेलेल्या गालांकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "जेवलास का?"

तू पळून गेलास. मीही पळालेच असते. त्या क्षणापासून मी एक पानही वाचू शकलेले नाही. ओळी दिसतात, पण प्रत्येक ओळीत तोच प्रश्न असतो.

दुसऱ्या दिवशी तू कचेरीत जाऊन चौकशीतला जबाब बदललास, हे कळलं. त्याचं जे व्हायचं ते होवो; ते व्हायलाच हवं, असं आईही म्हणते. तरी ती रोज संध्याकाळी तुझं ताट झाकून ठेवते. काल माझा तोल गेला. एकदा केलंस ना माफ, मग हा रोजचा सोहळा कशाला, असं मी तिला फाडकन विचारलं. ती ओटा पुसत होती. "एकदा करून कुठे भागतं गं? सकाळी डोळे उघडले, की राग उशाशी बसलेलाच असतो. मग पुन्हा पहिल्यापासून."

तुला आठवतं? लहानपणी मी पुस्तकात डोकं घालून बसलेली असताना तू माझं बिस्किट पळवायचास आणि मी भोकाड पसरलं, की म्हणायचास, "ए शब्दकोश, प्रभूने काय सांगितलंय? सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायची. चारशे नव्वदांतली एक गेली." आकडा संपू दे, मग बघते याच्याकडे, असं मनाशी ठरवून मी बोटं मोजायचे. काल उमगलं, की चारशे नव्वद वेळा क्षमा करायला चारशे नव्वद अपराध लागतच नाहीत. एक पुरतो.

हे पत्र आईने लिहायला सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी तू समोरच्या फुटपाथवर येऊन आमच्या खिडकीकडे बघतोस आणि परत जातोस, हे मला पडद्याआडून दिसतं. आईने बोलावलेलं असूनही जिना चढत नाहीस, तो माझ्या भीतीने. आणि तुझी भीती खोटी नाही. म्हणून हे पत्र मी स्वतः तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवणार आहे. आज जेवायला वर ये. दार मी उघडीन. बोलेन असं नाही, तुझ्याकडे बघवेल असंही नाही. उद्या सकाळी मला तुझा पुन्हा तितकाच राग येईल, याची खात्री आहे. पण आजच्यापुरती, मामा, चारशे नव्वदांतली एक गेली.

तुझीच,
शब्दकोश