महिला रविवारचा संदेश

३ मार्च, सोमवार
रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत महिला रविवार. विषय : देवापुढे स्त्री-पुरुष समान. पाळक मी, त्यामुळे संदेश अर्थात माझाच. या बाबतीत मी पहिल्यापासून पुढारलेला. आजपासून सकाळचा चहाही मीच करणार. केला. साखर कुठे असते तेवढं हिला विचारावं लागलं.

४ मार्च
संदेश हिने लिहून दिला. बावीस वर्षं तीच लिहिते. विचार माझेच असतात, फक्त मला ते आधी सुचत नाहीत.
चहा हिने केला. मला मीटिंग होती.

५ मार्च
ही म्हणाली, "अहो, या रविवारी पुलपिटवरून मला बोलू द्या ना." मंगळवारी हिचं ऑपरेशन. घशातली गाठ वाईट निघाली, स्वरयंत्रच काढणार. बावीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं. मी लगेच हो म्हणालो. ही रडली. असं हो म्हणायला मोठं मन लागतं.

७ मार्च, शुक्रवार
मंडळीच्या पंचकमिटीची बैठक. सेक्रेटरी म्हणाले, "पाळकसाहेब, बाई पुलपिटवर? मंडळी फुटेल." मी टेबलावर मूठ आपटणारच होतो, पण समोर सगळ्यांचे चहाचे कप होते. सबुरीने घ्यायचं ठरलं. ऑपरेशननंतर बघू. डॉक्टर लोक वाईटातलं वाईटच सांगतात.
हिला सांगितलं. ही भाजी चिरत राहिली. फार समजूतदार.

९ मार्च, रविवार
संदेश रंगला! येशूच्या रिकाम्या कबरेची बातमी आधी बायकांनी आणली आणि शिष्यांना ती बडबड वाटली, इथे तर सेक्रेटरींनी डोळे पुसले. ही तिसऱ्या बाकावर. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. एक ओळ विसरलो, ती तिच्या ओठांवरून उचलली.
बाहेर पुरुषांनी माझं अभिनंदन केलं. बायका हिच्याभोवती का जमल्या, कळलं नाही.

११ मार्च, मंगळवार
आत नेताना ही काहीतरी सांगायला लागली. मी म्हटलं, दमू नकोस, नंतर बोलू.

१२ मार्च
नंतर बोलू म्हणालो मी. गाढव आहे मी.

२६ मार्च
ही घरी आली. उशाशी वही-पेन्सिल. त्या मंगळवारी आत नेताना काय सांगत होतीस, विचारलं. तिने लिहिलं, "आठवत नाही." आठवतं तिला.

२८ मार्च, शुक्रवार
पंचकमिटीत मूठ आपटली. दोन कप सांडले. हिने पुलपिटवरून संदेश द्यावा, एकमताने मंजूर! सेक्रेटरी म्हणाले, "आता काय हरकत असणार?"
जवळजवळ पळतच घरी आलो. हिने वहीत लिहिलं, "लिहून देते. वाचा तुम्हीच. सवय आहे तुम्हाला."

२९ मार्च
आजपासून चहा पुन्हा मीच करणार. पाणी ठेवलं. आतल्या खोलीकडे हाक मारली, "अगं, साखर कुठे आहे?"
आणि उत्तराची वाट बघत उभा राहिलो. पाणी आटून गेलं.