उजवीकडचा रकाना

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, देवाला स्मरून व पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. कोणाची बळजबरी नाही. अक्षर हललेलं दिसेल ते भीतीने, वयाने नव्हे.

१. राहतं घर माझ्या एकुलत्या एक लेकीला. मागच्या दाराची कडी जरा उचलून लावावी. सुताराला बोलावू नये, तो दारच बदलायला सांगतो.

२. बँकेतली ठेव निम्मी लेकीला, निम्मी देवाच्या दिवाबत्तीला.

३. यजमानांचं पितळी भिंग धाकट्या दिरांना. "वहिनी, चूल सोडून तुम्ही कोन काय मोजणार?" असं त्यांनी चार माणसांत विचारलं होतं. राग गेला म्हणून देत नाही, लक्षात राहावं म्हणून देते.

४. हे कलम लिहायला चार दिवस लागले. लोखंडी पेटीतली वही लेकीला द्यावी.

यजमान प्रयोगशाळेत क्ष-किरणांची तरंगलांबी मोजत. किरण स्फटिकावर सोडायचा आणि स्फटिक हळूहळू फिरवायचा. ठरावीक कोनालाच किरण जोरात परततो, त्या कोनावरून लांबी निघते. कोन डावीकडे मोजला की उजवीकडेही मोजायचा आणि सरासरी घ्यायची, कारण यंत्राचं शून्य कधी नेमकं शून्यावर नसतं. त्यांच्या चिठ्ठ्यांवरून पक्की वही मी लिहीत असे.

सहाव्या मापाची डावी बाजू झाली आणि यंत्राची नळी जळाली. त्याच आठवड्यात यजमान अंथरुणाला खिळले. प्रयोगशाळेचे मोठे सर वही न्यायला आले तेव्हा यजमान ग्लानीत होते. कोरा रकाना माझ्याच्याने बघवत नाही. मी डावीकडचाच कोन उजवीकडे उतरवला. सर वही चाळून म्हणाले, "वा, काम पुरं झालं म्हणायचं!" चौथ्या दिवशी यजमान गेले. सहा तरंगलांब्या यजमानांच्या नावाने छापल्या गेल्या. पाच त्यांच्या, सहावी माझी. वही परत आली ती मी पेटीत घालून कुलूप लावलं. कारण बाकी पाच मापांत डावं उजव्यापेक्षा आठ मिनिटांनी, म्हणजे अंशाच्या बारीक भागांनी, जास्त आहे. सहाव्यात मात्र दोन्ही तंतोतंत सारखी. जाणकाराने एकदा पाहिलं तरी कळेल.

आता लेक तेच काम करते. दोन वर्षं झाली, तिचा सहावा आकडा वडिलांच्या आकड्याशी जुळत नाही. मंगळवारी माझ्याकडे जेवायला आली तेव्हा म्हणाली, "आई, बाबा चुकणं शक्य नाही. माझंच यंत्र बिघडलंय. सोमवारी प्रबंध मागे घेते." मी म्हणाले, "अजून भाजी वाढू का?"

५. मसुदा वाचून वकीलबाई म्हणाल्या, "काकू, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर उघडायचं. सोमवारच्या आत जायचा बेत आहे का?" तोंडाने सांगायला मी दोनदा लेकीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. म्हणून अट घालते, की वही व कलम चारची नक्कल आजच लेकीच्या हाती पडावी, त्याशिवाय साक्षीदारांनी सही करू नये. ती मला बोलेल ते मी ऐकेन. घर नको म्हणाली तरी चालेल. वडिलांवर मात्र तिने रागावू नये. डावी बाजू त्यांनी खरीच मोजली होती.

स्थळ : राहतं घर. शनिवार, दिनांक १४ जून १९८६.
लिहून देणार : (सही)

साक्षीदार १, डॉक्टर : बाई शुद्धीत आहेत. नाडी जलद. (सही)

साक्षीदार २, शेजारचे शिंपी : वही व नक्कल मी स्वतः दिली. ताईंनी उंबऱ्यातच वाचलं. माझ्या कानावरची पेन्सिल मागून घेतली, नकलेच्या पाठीवर आठाचं निम्मं करून कोनातून चार मिनिटं वजा केली, "जुळतंय" म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. मी विचारलं, "आईंना काय सांगू?" तर म्हणाल्या, "काही सांगू नका, मीच येतेय. जरा चपला घालू द्या." (सही)