अक्कांच्या मोरांची चादर

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे उज्जैनला! क्वार्टर मिळेपर्यंत हवाई तळाच्या भिंतीलगतच्या गल्लीत भाड्याचं घर घेतलंय. मंदार खूश, कारण त्याचं विमान हाकेच्या अंतरावर. मी खूश, कारण टावर चौकातली चाट. पहिलं विमान उडालं तेव्हा कपाटातल्या बशा खणखणल्या आणि मी किंचाळले. शेजारच्या अनसूया अक्का हसल्या. म्हणाल्या, घबराओ मत, चार दिवसांत आदत होईल. शहर या आवाजाला शिव्या घालतं आणि आमचे लाडही करतं. भाजीवाल्याने ‘विमानवाली भाभी’ म्हणून कोथिंबीर फुकट दिली.

६ नोव्हेंबर
इथली एक रीत मला फार आवडली. घरचं माणूस उडालं की गच्चीवर भैरवगढची छापील चादर अंथरायची, म्हणजे त्याला वरून आपलं घर ओळखू येतं. उतरलं की घडी. अक्कांची लाल मोरांची चादर मात्र कायम अंथरलेली. त्यांचा मुलगा विक्रांतही वैमानिक होता. एका सकाळी उडाला तो परतलाच नाही, हाती काही लागलं नाही. अक्कांनी आम्हाला पोहे खाऊ घातले. मंदारने नेहमीसारखी शेव निवडून बाजूला काढली. घरी येऊन मी खूप रडले.

११ नोव्हेंबर
भैरवगढला जाऊन आले. मला तसेच मोर हवे होते. छापणारे काका का-कू करत होते. हा अक्कांच्या घरचा नमुना, गल्लीत दुसऱ्या कुणाला देत नाही म्हणाले. मी लाडीगोडी लावली, अक्कांना आनंदच होईल म्हटलं. शेवटी दिली छापून.

१४ नोव्हेंबर
सकाळी मंदार उडाला आणि मी हौसेने चादर अंथरली. अक्का पाहून पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, पगली, आता त्याला घर कसं समजणार? मी हसण्यावारी नेलं.
मंदार सुखरूप उतरला. आमच्या फाटकावरून पुढे गेला, अक्कांच्या घरात शिरला, त्यांना आई म्हणाला. पोह्यांवर मूठभर शेव घेऊन जेवला.

१५ नोव्हेंबर
मला भाभी म्हणतो. अदबीने. डॉक्टर म्हणतात, थकवा आहे. अक्का काल घाबरल्या होत्या. आज त्याच्या डोक्याला तेल लावत होत्या. त्यांना सगळं कळतंय.

१६ नोव्हेंबर
आकाशात एकही विमान नाही. तरी बशा खणखणल्या. वरून मंदारचा आवाज, माझ्या मंदारचा. मृणाल, दोन दिसताहेत गं, आपलं कुठलं—
अक्कांनी त्यांची चादर काढली तर माझी एकच उरेल. मी पाया पडले. त्या म्हणाल्या, बेटा, एकदा गमावलाय, अब फिर से नहीं—

१७ नोव्हेंबर
आवाज लांब जातोय. इंधन संपत आलंय म्हणतो.
अक्का गच्चीवर चादरीशेजारी बसल्यात, दोन्ही हात जोडून. रडताहेत. मीही. खालून तो विचारतोय, आई, भाभी का रडतात—
दोन गच्च्यांमधली भिंत कमरेएवढीच. हात पोचतो माझा. पोचलाय. चादरीचं टोक मुठीत आहे—
बशा—
मंदार, जरा दम धर, ओढतेच मी, अक्कांनी माझ्याकडे बघायचं थांबवलं की लगेच—