कॅमेरोच्या डाव्या चाकाचे पाच नट

मी, वैजनाथ नागप्पा मुळगे, वय ५८, धंदा मोटार मेकॅनिक, मूळ राहणार देगलूर, हल्ली मुक्काम लातूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. माझं पोट बिघडलं आहे, डोकं नाही. दिवाळीचा फराळ मला मिळेल की नाही, हे डॉक्टरांनी सांगायचं टाळलं. त्यावरून काय ते मी समजलो.

१. लातूरचं दोन खोल्यांचं घर आणि बँकेत असेल ती शिल्लक माझी मुलगी पुनम हिला द्यावी. तिची आई सिंधु गेल्यापासून हे घर तिनंच सांभाळलं. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनंच करावी.

२. माझा तीन टनी जॅक मावसभाऊ हणमंतराव सहा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी घेऊन गेला. तो त्यालाच देऊन टाकावा असं मनात होतं. पण ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले, आणि साक्षीला हणमंतरावच आला आहे. सबब जॅक त्याला देत नाही. त्यानं तो परत आणावा.

३. औसा रोडवरचं गॅरेज, शेड, कॉम्प्रेसर व सगळी हत्यारं माझा धाकटा भाऊ रामलिंग याला द्यावीत. पुनमला हे लागेल. काकाचं देगलूरला पंक्चरचं दुकान आहे, त्याला लातूरचं गॅरेज कशाला, असं ती म्हणेल. तिनं पुढचं कलम वाचावं.

४. आम्ही दोघं भाऊ शारजाला एकाच वर्कशॉपमध्ये होतो. हौशी मालक शुक्रवारी आपल्या अमेरिकन गाड्या ट्रॅकवर पळवायचे. माझ्याकडे देखभालीला निळी मस्टँग होती, रामलिंगकडे लाल कॅमेरो. मस्टँग स्वस्त, सरळ रस्त्यावर सुसाट, आणि विकायला काढली की गिऱ्हाईक लगेच हजर. कॅमेरो महाग, आत बसलं की बाहेरचं धड दिसायचं नाही, पण वळणावर रस्ता सोडायची नाही. मी एका वहीत किंमत आणि फेरीची वेळ समोरासमोर मांडायचो. मी म्हणायचो, तेवढ्या पैशात मस्टँगच. तो म्हणायचा, "अण्णा, पैसा वळणावर दिसतो." आई मल्लम्मानं पाठवलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खाताना आमचा हाच वाद चालायचा. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेवढेच.

सोळा शुक्रवार झाले. आठ त्याचे, आठ माझे. सतराव्या शुक्रवारी मालक आले नाहीत, तपासणीच्या फेऱ्या आम्हीच मारायच्या होत्या. मस्टँग आधी पळाली, एक मिनिट एक्केचाळीस. मग रामलिंग हेल्मेट घालत होता, तोवर मी कॅमेरोची चाकं बसवून दिली.

आमच्या वर्कशॉपची रीत अशी की नट टॉर्क पान्यानं आवळायचा आणि मगच त्यावर पिवळ्या रंगाची खूण करायची. खूण दिसली की दुसरा कोणी तपासत नसे. पुढच्या डाव्या चाकाचे पाच नट मी हातानं फिरवून बसवले. आधीच्या चाकाचा ब्रश हातातच होता, म्हणून खुणा करून टाकल्या, पाना नंतर लावू म्हणालो. तेवढ्यात ट्रॅक मोकळा झाल्याची हाक आली. मी घड्याळ घेऊन पळालो.

कॅमेरोची पहिली फेरी एक मिनिट एकोणचाळीस. दुसऱ्या फेरीत, तिसऱ्या वळणावर चाक निघालं.

एक नट मला वाळूत सापडला. त्यावर पिवळी खूण होती. खूण आहे म्हणजे नट आवळलेला होता, मग चूक चालवणाऱ्याची, असं ठरलं. रामलिंगचा उजवा गुडघा त्या दिवसापासून वाकत नाही. त्याला घरी पाठवलं. मला वर्षाच्या आत फोरमन केलं. मी गप्प बसलो. आईनं फोनवर विचारलं, "त्याचाच हात चुकला का रं?" मी म्हणालो, "हाव."

अकरा वर्षं रामलिंगनं स्टिअरिंगला हात लावला नाही. मी आजारी पडल्यापासून दर रविवारी तो देगलूरहून एसटीनं, पाय ओढत, भाकरी घेऊन येतो. गेल्या रविवारी उशाशी बसून म्हणाला, "अण्णा, गाडी लई चांगली व्हती. म्याच घाई केली. तुझं बी नाव खराब केलं बघ." मी झोपल्याचं सोंग घेतलं. मी भित्रा माणूस आहे, मरायला टेकलो तरी भित्राच आहे.

रामलिंग, तुझा हात चुकला नव्हता. वहीतली सतरावी ओळ मी कोरी सोडली होती, ती काल भरली. कॅमेरो दोन सेकंदांनी पुढे. ती वही आणि हातरुमालात बांधलेला तो नट तुला.

हे कलम माझी माती होण्याआधी रामलिंगला वाचून दाखवावं. ऐकून त्याला मातीला यायचं नसेल, तर कोणी आग्रह करू नये. पुनमनंही नाही.

५. वकील आनंदराज सोनकांबळे यांनी विचारलं, "मामा, हे मृत्युपत्रात कशाला लिहायलात? बोलावून सांगा की." कलम चार टाईप व्हायचं होतं, तेव्हा मला दम लागलेला बघून ते म्हणाले, "सही करून ठेवा, मजकूर मी नंतर भरतो." मी म्हणालो, "न्हाई साहेब. आधी आवळा, मग खूण." ते टाईप करायला बसले.

सगळा मजकूर पुरा झाल्यावर, शब्दन् शब्द वाचून, साक्षीदारांसमोर आता सही करतो.

ठिकाण : लातूर
दिनांक : १४ ऑगस्ट २०२५

(सही) वैजनाथ नागप्पा मुळगे

साक्षीदार :
१. (सही) हणमंतराव शिवराज बिरादार, देगलूर. जॅक रविवारी रामलिंगच्या हाती पाठवतो.
२. (सही) पंचशीला वाघमारे, परिचारिका, लातूर